एका कानाला दिशा नसते

इमेदा म्हणाला, 'ठक.'
मग जरा विचार करून, 'नाही, ढक.'
तोंडाने जमेना तेव्हा
मूठ तळव्यावर आपटून दाखवली.
दोन महिने झाले म्हणे.
मागून येतो. मागून म्हणजे कुठून, ते कळत नाही.
वर जाताना नसतो.
मीठ, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, दोन म्हाताऱ्या,
एकदा तर मांडीवर शिवणयंत्र घेतलेला मास्तर,
एवढं भरून अबानोची खिंड चढताना गाडी मुकी.
परतीला रिकामी झाली की बोलायला लागते.

तेलावीत तिघांनी पाहिली होती ती डेलिका.
एकाने मागचे शॉकअप बदलले.
दुसऱ्याने ते बदललेले बदलले.
तिसऱ्याने रेडिओ मोठा करून दिला
आणि पैसे घेतले नाहीत.

नुगझरकाकाने आधी डिकी रिकामी करायला लावली.
निम्मे आवाज गाडीचे नसतातच, तो म्हणतो,
माणसाने मागे टाकून ठेवलेल्या वस्तूंचे असतात.
निघालं ते भिंतीशी मांडलं:
जॅक, बर्फातल्या साखळ्या, चीजचं वाळून कडक झालेलं फडकं,
एकच बूट, डाव्या पायाचा.
स्टेपनीचा नट आवळला.
मग गतिरोधकावरून एक फेरी.
ठक.
किंवा ढक.

आता हे सांगायला हवं:
काकाचा डावा कान गेलेला आहे.
खाणीतल्या सुरुंगाने, असं शेजारी म्हणतात.
तो म्हणतो, लहानपणच्या गोवराने.
काकू म्हणते, ऐकायचं नसलं की जातो.
एका कानाला आवाज कळतो, दिशा कळत नाही.
डावं-उजवं ठरवायला
दोन कानांमधलं ते वीतभर अंतर लागतं.
बोल्टची ढिलाई तो मनगटाने ओळखतो,
जळकं तेल नाकाने,
पण मागून कुणी हाक मारली
तर अख्खा गोल फिरून बघतो.

म्हणून मी.
मागच्या सीटा काढून मला पत्र्यावर आडवं केलं,
कान खाली, हातात खडू.
'हलू नकोस, त्सिरा. आणि अंदाज करू नकोस.'
दार लागलं.

पत्रा गार. त्यातून सगळंच येत होतं,
खडी, डिफरन्शियलची गुणगुण,
काकाचं खाकरणं,
माझं स्वतःचं रक्त.
पहिल्या ठकला मी दचकले आणि खडू मोडला.
दुसरा उजव्या बरगडीखाली. फुली मारली.
तिसरा तिथेच, चार बोटं अलीकडे. फुली.
शॉकअप होता माझ्या खांद्यामागे.
तिथे सगळं शांत होतं,
दोनदा पैसे खाऊन शांत.

गाडी वर घेतली, चाकं लोंबली.
काकाने पहार घालून एकेक बुश उचकटून पाहिला. गच्च.
मी फुलीच्या खालच्या अंगाला हात घातला,
स्प्रिंग धरली,
आणि ती फिरली.
बरणीचं झाकण फिरावं तशी, दोन बोटांत,
दीड टन तोलणारी वस्तू.
तिच्या बुडाचं रबर हाती आलं ते शिळ्या पावाचा चुरा होऊन.
ओझं असेतो ती दाबून बसायची.
ओझं उतरलं की दर खड्ड्यात जराशी उठायची
आणि पुन्हा बसताना
लोखंडावर लोखंड.

इतकंच. वीस लारींची रबरं.
'दोन्ही बाजूंची घाल,' काका म्हणाला,
'एक गेलं की दुसरं वाटेवर असतंच.'

इमेदाने गतिरोधकावरून चार फेऱ्या मारल्या,
रेडिओ बंद, काचा खाली,
हरवलेलं काही शोधत असल्यासारखा.
परत येऊन म्हणाला, 'गेला.'
मग जरा थांबून,
'पण पुढून एक बारीक काहीतरी...'
काकाने चांगला कान भिंतीकडे फिरवला
आणि हात पुसत राहिला.

सीटा बसवताना मी फुल्या पुसल्या नाहीत.
तो एकटा बूट उचलला,
फडक्यात गुंडाळला, वाजू नये म्हणून,
आणि डिकीत ठेवला.