टेकडी, शहरापासून थोडी वर

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं,
निघालो साडेसातला.
तोवर मे महिन्यानं विडी घरकुलाच्या गच्च्यांवर
हात टेकवून बघितलाही होता.

दाजींची गाडी, एक स्कूटर, माणसं नऊ.
पाण्याच्या बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या;
टॉवेल घरचेच, सेकंडातले,
काठाला एकच धागा चुकला म्हणून
बाजाराऐवजी आमच्याकडं आलेले.
कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदे,
आणि अम्माच्या पिशवीत सूप, तंबाखू, कापलेली पानं.
"सुट्टी मला आहे," ती म्हणाली,
"कारखान्याला उद्या हजार विड्या लागतातच की."

"बघण्यासारखं काय आहे तिथं?"
नायनानं विचारलं, पलीकडच्या गल्लीनं खिडकी उघडावी
इतक्या मोठ्यानं.
बत्तीस वर्षं यंत्रमागांत उभा राहिलेला माणूस
हळू बोलायचं विसरून जातो.
लग्नात, दवाखान्यात, मयतीलासुद्धा
लोकांना वाटतं, हा भांडतोय.
"तलाव दिसतो. आपलं गाव दिसतं."
मी त्याच्या उजव्या कानात ओरडले.
डावा आता नुसता चष्म्याची काडी अडकवायला.

हिप्परग्याचा तलाव ओलांडल्यावर गाडी थांबली.
पुण्याचे दाजी खाली उतरले, चारी दिशांना बघून म्हणाले,
"डोंगर कुठाय?"
"त्याच्यावरच उभे आहात की ओ," भार्गवी म्हणाली.

वाट म्हणजे शेळ्यांनी ओढलेली रेघ.
मोज्यांत कुसळं, दोन्ही बाजूंना तरवड,
बाभळीच्या सावलीत सावलीपेक्षा भोकं जास्त.
साईचरण दर वीस पावलांना विचारायचा, आलं का?
अम्मा दर वीस पावलांना सांगायची, आलंच.
दाजी हसायचे थांबले ते अर्ध्या वाटेत,
तिथून पुढं फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

वर काही नाही.
एक दगड, चुना लावलेला.
देव असेल, नाहीतर मोजणीवाल्यांची खूण.
अम्मा पाया पडून मोकळी झाली.
त्याच दगडाला पाठ लावून
सूप मांडीवर घेतलं तिनं.

खाली तलाव काठ सोडून आत आत सरकलेला,
चिखल तडकून पापडासारखा,
मधोमध पाणी उरलेलं, त्यात दहाबारा म्हशी.
आणि पलीकडं सोलापूर,
उन्हाच्या झळांत हलणारं, कडा नसलेलं,
एखादी चिमणी, पाण्याच्या टाक्या,
बाकी सगळं एकाच राखाडी ताग्यातलं.
दाजींनी मोबाइलवर नकाशा काढला.
आपलं घर इथं, शाळा इथं,
नायनाचा कारखाना साधारण या बोटाखाली.

नायनानं मोबाइल बघितला नाही.
कपाळावर हात आडवा धरून
तो शहराकडं बघत राहिला, बराच वेळ.
मग काहीतरी बोलला.

"काय?" मी म्हणाले.
"काय?" दाजी म्हणाले.
आयुष्यात पहिल्यांदा
आम्ही त्याच्याकडं कान नेत होतो.
ओठ हलले एवढं दिसलं.
भार्गवी सगळ्यांत जवळ उभी होती,
ती म्हणते, आजोबा म्हणाले,
इथून किती गप्प दिसतंय.

जेवलो. कांदा बुक्कीनं फोडला.
चटणीचं तेल साईचरणच्या शर्टावर,
त्यावरून थोडं रागावणं, थोडं रडणं.
एक घार आमच्यापेक्षा खाली उडत होती,
ते मात्र सगळ्यांनी बघितलं, दाजींनीसुद्धा.
अम्माच्या दोनशे चाळीस झाल्या.
वारा होता म्हणून, नाहीतर तीनशे.

उतरताना नायना सगळ्यांत मागं.
मध्ये एकदा थांबला तो, मीही थांबले,
दोघांनी मिळून काहीच ऐकलं नाही.

खाली डांबरी रस्त्यावर ट्रक, हॉर्न,
गाडीचं दार हाताला चटका देणारं.
"पुढं कोण बसतंय बे?" नायना ओरडला,
आणि तलावातल्या म्हशींनी
एकदम माना वर केल्या.