खारशेत हॉल्ट, मोजमाप वही

मी ओव्हरसियर. माझं काम मोजायचं.
रुळाच्या माथ्यापासून फलाटाची उंची आठशे चाळीस मिलिमीटर,
कडेला घडीव लादी, तिच्यामागे उठावाची पिवळी पट्टी,
न दिसणाऱ्याच्या तळव्याला कळावी अशी.
लांबी, रुंदी, खोली, खाली सही.

मी आलो तेव्हा इथे फलाट म्हणजे
मुरमाची एक पट्टी, रुळांच्या अंगासरशी.
खाऱ्या वाऱ्याने कडेकडेने खाल्लेली पत्र्याची शेड,
आणि पाटीवरचा 'शे' गळालेला:
खार त हॉल्ट.
कोणी विचारलंच तर लोक म्हणायचे,
खारच आहे सगळं, पुढे काय लिहायचंय.

गाडी एक मिनिट थांबते.
डब्याचं पायदान माणसाच्या कमरेशी.
त्या एका मिनिटात
नागोठण्याच्या कारखान्याची दुसरी पाळी चढायची,
सुकटीच्या पाट्या घेऊन पेणला निघालेली द्वारका चढायची,
आणि मंगळवारी, शुक्रवारी
पनवेलला डायलिसिसला जाणारे गोमाजी कडू,
ज्यांना दोघांनी बगलेत धरून वर सारायचं
आणि तिसऱ्याने त्यांची चप्पल मागून आत फेकायची.

इस्माईल पांगारकर तिकिटं विकतो, कमिशनवर.
रेल्वेचा नव्हे, रेल्वेबाहेरचाही नव्हे.
पुलावर गाडी वाजली की खिडकी लावून
तो एक स्टूल घेऊन पळायचा,
मामूच्या फुटक्या होडीच्या फळ्यांचं,
एका पायाला रबरी टायरचा तुकडा ठोकलेलं.
बायकांच्या डब्यापाशी ठेवायचा,
मग उचलून गोमाजींकडे, मग पुन्हा मागे,
गार्ड हिरवा बावटा धरून त्याच्याकडे बघत राहायचा.
एवढंच होतं इथलं आधुनिकीकरण, अकरा वर्षं.

जुनं पाडलं तेव्हा मी यादी केली.
पत्रे एकवीस. अँगल नऊ. बाक दोन, पैकी एक तुटका.
घड्याळ एक, बंद.
स्टुलाकडे बोट करून विचारलं, हे कशात धरू?
तो म्हणाला, ते रेल्वेचं नाही.
आणि काखेत मारून घरी घेऊन गेला.

रॅम्पचा उतार एकास बारा, दोन्ही बाजूंना कठडा.
गोमाजींना तो लागला नाही.
काम नऊ महिने मागे पडलं होतं;
विलंबाच्या कारणात मी लिहिलं, खडी.
खरंच खडी होती. खोटं काही लिहिलं नाही.

पहिली गाडी नव्या फलाटाला लागली
तेव्हा वालाच्या शेंगांचे दिवस होते,
कुठेतरी पोपटी लागलेली, भांबुर्ड्याचा वास रुळांपर्यंत आलेला.
द्वारकाने डोक्यावर पाटी सावरली
आणि सवयीने पाय उचलला, गुडघ्याच्या वर,
जिथे पायदान असायचं.
तिथे हवा होती.
ती डब्यात धडपडत शिरली, सुकट सांडली,
दारातून वळून मला म्हणाली,
"फलाट बरा केलाव, दादा.
पन माजा पाय आजून जुन्या टेसनात हाय."
सगळे हसले. मीही.
मग वाकून गाडी आणि फलाट यांतली फट मोजली.
ती नियमात बसली.

स्वच्छतागृह पूर्ण आहे, त्याची किल्ली रोह्याला आहे.
'शे' आता निळ्या पत्र्यावर ठळक, उन्हात चमकतो.
इस्माईलने स्टूल परत आणलंय, खिडकीच्या आत,
आता तो त्यावर बसून तिकीट देतो.
उठला की अजून एकदा हात त्याच्याकडे जातो,
मधेच थांबतो, डोकं खाजवतो.

शेवटच्या बिलाआधी, तो चहाला गेला असताना
मी टेप काढून तेही मोजलं:
छत्तीस बाय सव्वीस, उंची सदतीस सेंटिमीटर.
वहीत त्याला रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय.
साहेबांनी विचारलं तर
काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.