मूळचं नाही

पिएदादने पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं,
पोईच्या कागदात गुंडाळलेलं:
इनासचं रीळ.
इनास सां जुआंवच्या आठवडाभर आधी गेला.
"पणजीचा एक जण घेतो म्हणतोय, पात्रांव,
पण सगळं मूळचं असेल तरच."

शिंप्याकडे रीळ म्हणजे दोरा.
माझ्या धंद्यात रीळ म्हणजे घर,
आणि स्पूल हा त्यातला भाडेकरू.
घर मूळचं होतं. काळ्या बेकलाइटच्या दोन भिंती,
साठेक वर्षांपूर्वी कुणा तारवटीने
ट्रंकेत कपड्यांखाली घालून आणलेल्या.
हँडलची मूठ दातांसारखी पिवळी.

भाडेकरूचा मात्र मला संशय आला,
उचललं तेव्हाच.
त्या कंपनीचं स्पूल प्लास्टिकचं असतं,
हलकं, टिचकीसरशी फिरणारं, टिचकीसरशी थांबणारं.
हे जागचं हलायला वेळ लावत होतं
आणि एकदा सुटलं की थांबेना,
खनिजाने भरलेल्या बार्जसारखं.

तीन स्क्रू.
आत पितळ.
छापाच्या जागी लेथचे बारीक वळसे,
आसाचं टोक कानशीने घासून खाचेत बसवलेलं.
बार्जच्या पंख्याच्या जुन्या बुशातून खरादलं असावं,
म्हणजे काम रासईंच्या शेडमधलं.
कड आणि भिंत यांच्यातली फट मोजायला
माझ्याकडे गेज आहे,
पण मी नायलॉनचा तुकडा घालून बघतो.
तो शिरला, तर मोठा मासा लागल्यावर दोराही शिरणार
आणि तुटणार.
शिरला नाही.
आसावर पत्र्याची पातळ चकती होती,
पावडरच्या डब्यातून कापलेली,
तिच्यावर अर्धं गुलाबी फूल.

मूळचं का गेलं तेही सांगितलं तिला.
मासा ओढतो, नायलॉन ताणतं,
ताणलेलंच आपण भरत जातो वेढ्यावर वेढा,
मग रात्री, घरात सगळे झोपल्यावर,
ते आखडायला लागतं.
प्लास्टिक एका आवाजात फुटतं.
"माहीत आहे," ती म्हणाली. "आमचं देवघराशेजारी फुटलं.
मला वाटलं, तसबिरीची काच."

मग मी कड उजेडात धरली.
डाव्या बाजूचं पितळ आरशासारखं झिजलेलं, एका अंगठ्याएवढं.
असलं जड स्पूल अंगठ्याने आवरलं नाही
तर फेकीसरशी दोऱ्याचं घरटं होतं.
"इनास डावरा होता?"
पिएदाद हसली.
"इनासला गळाला सुंगट लावायचीसुद्धा किळस.
तो टॉर्च धरायचा."
डावा हात तिने काउंटरवर ठेवला होता.
मी अंगठ्याकडे बघितलं
आणि बघून झाल्यावर स्क्रू शोधू लागलो,
समोरच होते.

माझ्या बिस्किटांच्या डब्यात
त्या बनावटीचं एक मूळचं स्पूल आहे.
केसाएवढा तडा, आतल्या बाजूने.
तो तिला दाखवला.
"हेच बसवून द्या त्याला," ती म्हणाली,
"आणि तडा सांगूनच द्या. म्हणावं, दोरा भरू नको,
शोकेसमध्ये ठेव."
पैसे कमी येतील म्हटलं.
येऊ देत म्हणाली.

पितळी स्पूल तिने ओढणीच्या टोकाने पुसलं.
आता या भाडेकरूला घर कुठलं?
माळ्यावर एक होतं माझ्याकडे,
उजवी भिंत दुसऱ्याच कुठल्या रिळाची,
रंगसुद्धा जुळत नाही, काळ्याला चॉकलेटी.
बसवून पाहिलं.
फट राहिली, थोडी.
तिने पर्समधून घडी केलेला पत्रा काढला.
त्यावर फुलाचा उरलेला अर्धा भाग.

दोन्ही टोकांना एकेक थेंब तेल घाल,
मी सांगू लागलो, पितळ असलं तरी
नायलॉनच्या खाली आधी सुती दोरा भर,
म्हणजे आवळणं तो सोसतो, आणि...

"किती झाले?" तिने विचारलं.
आणि दाराबाहेर, पुलाच्या खांबांकडे बघत:
"सुकती साडेचारला लागते ना आज?"