आडवी फांदी

सक्करदऱ्याच्या मागे टेलिफोन क्वार्टर्स,
तिसरा मजला, वर प्रमिलाबाई उक्यांची गच्ची,
आणि गच्चीच्या कठड्याला येऊन टेकलेली चिंच.
साडेपाचला त्या कडी काढतात,
चहा टाकतात आणि विचारतात,
'निघाले का पिल्लं?'
जसं माझ्याच घरी कुणी बाळंत व्हायचं आहे.

चिंचेखाली स्कूटर कुणी लावत नाही.
रस्ता चुन्यानं सारवल्यासारखा पांढरा,
कुजक्या मासोळीचा वास पार भाकरीच्या टोपल्यापर्यंत.
दरवर्षी मोहल्ला महापालिकेला अर्ज करतो, झाड तोडा म्हणून,
आणि अर्जाला जोडायचे फोटो
माझ्याच स्टुडिओतून काढून नेतो.

एरवी हा पक्षी तळ्याकाठच्या चिखलाचा तुकडा.
उडाला तरच पांढरा, नाहीतर नाहीच.
वंचक म्हणतात. नाव मासोळ्यांनी ठेवलं असेल.
पण आषाढात पाठीवर वांग्याचा रंग चढतो,
डोक्यामागे दोन-तीन लांब पिसं,
मुंडावळ्या मागे उलटून पडाव्या तशी.
बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढतो मी,
इतका गंभीर नवरदेव पाहिला नाही.
एक काडी आणतो. ती घेते,
खोचते, काढते, मान तिरपी करून पाहते,
पुन्हा खोचते.
तो दुसरी आणायला निघालेलाच असतो.

उक्यांचा धाकटा, सुगत, कोयता घेऊन वर येतो.
'काका, थे फांदी आडवी येऊन राहिली ना?
छाटून देऊ का? दोन मिनिटांचं काम.'
राहू दे, म्हणतो.
'काऊन?'

काऊन ते सांगत नाही.

स्टुडिओत, काउंटरच्या मागे एक फोटो आहे, भिंतभर.
चार पिल्लं, केस पिंजारलेली, चोची आभाळात,
मध्ये एकही पान नाही.
पासपोर्टसाठी आलेली माणसं हनुवटी वर करतात,
तेव्हा नजर तिथंच जाते.
'नशीब लागते भाऊ अशा फोटोले.'
मी म्हणतो, डोळे मिटू नका.

तेलंगखेडीकडची बाभूळ होती ती.
फांदी मी सुतळीनं मागे बांधली.
पावसानं उघडीप दिलेली, अकराचं ऊन,
आई पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभी.
मी एक पाऊल पुढे टाकलं. ती उडाली.
वीस मिनिटं फार सुंदर उजेड होता.
सुतळी सोडायची राहिली,
संध्याकाळी बारशाची ऑर्डर होती.
तिसऱ्या दिवशी गेलो.
घरट्याच्या काठावर कावळा, चोच पुसत,
आणि गाठ तशीच, पक्की.
गाठी मला चांगल्या मारता येतात.

आज तिपाईवर कॅमेरा.
फांदी आडवी ती आडवीच,
लेन्सपुढे पानांचा हिरवा धूर,
धुराच्या आत कुठंतरी एक पिवळा डोळा
उघडतो, मिटतो.
पंखाची कड हलते,
खाली काहीतरी किरकिरतं.
मी बटण दाबतो.

प्रमिलाबाई पडद्यावर डोकावतात.
'ह्याच्यात तं काहीच दिसत नाही.'
आहेत, मी म्हणतो. तीन. चारही असतील.
त्या चष्मा पदराला पुसून पुन्हा पाहतात.
चहावर साय धरलीये.

खालून कुणीतरी शाळकरी पोरगी,
कोरड्या ठणठणीत सकाळी
छत्री उघडून,
चिंचेखालचा तेवढा रस्ता पळत ओलांडते
आणि पलीकडे छत्री मिटते.