टेक सतरावा

फ्रिज बंद केला. बॉयलर बंद केला.
भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून
बाथरूममध्ये ठेवलं.
हॅलिफॅक्सच्या या चिंचोळ्या घरात
शांतता अशी एकेक बटण दाबून गोळा करावी लागते.

माइक भोकासमोर नको, तिथे आवाज नुसता घुमतो,
ढेकर दिल्यासारखा.
बाराव्या पट्टीसमोर, वीतभर लांब, जरा तिरका.
मागे कपड्यांच्या स्टँडवर रजई.

शेजारी मिस्टर ॲक्रॉइडना चिठ्ठी टाकली होती:
गुरुवारी नऊ ते दहा टीव्ही जरा हळू, प्लीज.

पहिल्या टेकात तार किंचाळली.
चौथ्यात माझंच पोट बोललं.
नवव्यात चढावर बसने गिअर बदलला.
अकरा ते सोळा, मीच.
बोटं गारठलेली, नख तुटलेलं,
आणि हेडफोनमध्ये कळलं,
अवघड जागा आली की मी श्वास धरून ठेवते,
गॅसचं बिल उघडताना धरते तसा.

सतरावा नीट झाला.
शेवटचा स्वर लाकडात विरत गेला,
मी हलले नाही,
तेवढ्यात भिंतीपलीकडे
खुर्ची सरकली.
अगदी भिंतीलगत.
म्हणजे टीव्ही हळू नव्हता,
बंदच होता. तासभर.

स्क्रीनवर तो आवाज तांदळाच्या कणीएवढा.
कर्सर दोनदा नेला त्याच्यावर.
राहू दिला.

सकाळी स्वयंपाकघरात पाय ओला झाला.
फ्रिज चालू करायचा राहूनच गेला होता,
दोन किलो मटार मऊ पडलेले.
उसळ केली, तिखट बेताचं,
एक डबा त्यांच्या दारात ठेवला.
चिठ्ठी नाही टाकली.