डाव्या कानाचा धबधबा

फाटकावरच्या पाटीवर नऊ पायवाटांची नावं,
आठांपुढे लाल फुली.
नवव्या नावापुढे काहीच नाही.
पाटी रंगवणारा तिथवर आला
आणि बहुतेक जेवायला गेला.

दोन विमानं, एक आगगाडी, एक बस करून
मी तैवानच्या या टोकाला आले ती चालायला.
बूट नवे, टाचेशी अजून ओळख नाही त्यांची.
तिकीटघरातला पोरगा आधी बुटांकडे बघतो,
मग माझ्याकडे,
आणि म्हणतो, पुलापर्यंत जा. पुलापर्यंत चालेल.

पुलाच्या अलीकडे चिवांगचं दुकान:
बांबूच्या नळीत शिजलेला भात, उकडलेली अंडी,
भाड्याने पिवळी हेल्मेटं.
"दगड पडतो," ती सांगते,
कुत्रं आहे पण चावत नाही, हे सांगावं तशा आवाजात.
माझ्या हेल्मेटच्या आत कुणाचा तरी लांब केस,
पेनाने लिहिलेला एक फोन नंबर,
शेवटचे दोन आकडे घामाने गेलेले.

पलीकडच्या कड्याला देऊळ चिकटलंय,
त्याच्या पोटाखालून पाणी पडतं.
रस्ता खोदताना जे दरडीखाली गेले
त्यांची नावं आत ओळीने.
नव्वदीचे लिन आजोबा रोज उदबत्ती फिरवतात,
एका नावापाशी जरा जास्त थांबतात.
भाऊ का तुमचा?
"छे. पत्त्यांत हरलो होतो. बारा डॉलर देणं आहे."
देऊळही दोनदा दरडीने नेलं,
दरवेळी थोडं बाजूला बांधलं.
"देव हट्टी नसतात," आजोबा म्हणतात, "सरकून बसतात."

चिवांगचा मुलगा युदाव वाटा दुरुस्त करतो.
दोर, पहार, पाठीवर सिमेंटची पिशवी.
दिवसाला चार पायऱ्या बसवतो आम्ही, तो सांगतो,
रात्री डोंगर दोन परत घेतो.
तक्रार म्हणून नाही,
अंड्याला मीठ लावता लावता सांगतो.
नकाशात त्या वाटेला नंबर आहे.
त्याच्या पणजोबाच्या वेळी नाव होतं,
आणि वरच्या टोकाला गाव.
जपानी शिपायांनी गाव खाली आणलं.
वाट आली नाही.

दुकानामागे वाख सोलत बसलेली
चिवांगची मावशी, राबाय.
डोळे जवळजवळ गेलेले, बोटं हिरवी.
धबधबा, ती म्हणते, डाव्या कानाला होता.
सत्तर वर्षं डाव्या कानाला.
मग त्या सकाळी डोंगर हलला,
फळीवरच्या बश्या गेल्या,
शेजाऱ्याचं डुक्कर पळालं ते आलंच नाही,
आणि चौथ्या दिवशी, धूळ बसल्यावर,
पाणी पाठीमागून वाजायला लागलं.
सरकारी माणसं आली, ड्रोन उडवून गेली,
कागदावर लिहून गेली की प्रवाहाचं तोंड सरकलं.

मग तू काय केलंस, मावशी?

खुर्ची वळवली.

आता तिच्यासमोर दरी नाही,
कोंबड्यांचं खुराडं आहे, गॅसची टाकी,
दोरीवर युदावचे मोजे.
पाणी मात्र जिथल्या तिथे.

मी पुलापर्यंत गेले.
एकशे चाळीस पावलं. एवढ्याच वाटेसाठी
कुणी पावलं मोजत नाही, मी मोजली.
पुलावर धुकं, म्हणजे समोर पांढरं,
खाली पांढरं, आणि मध्ये मी, पिवळी.
हेल्मेटमध्ये फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो.
पट्टा सैल केला,
डावीकडून चार बोटं उचललं,
आणि अंग हळूहळू वळवत राहिले,
अजून थोडं, अजून जरासं,
तोच मागून तिकीटघरातल्या पोराची शिट्टी,
लांबलचक, आणि अगदी डाव्या कानात.