निळ्या दाराची पेटी

टर्पेंटाइनचा वास मधमाश्यांना खपत नाही.
पेट्या उघडायच्या दिवशी मी हात
आधी बेसनाने धुते, मग राखेने;
तरी जशुभाई लांबूनच म्हणतो,
"बेन, आज चित्र काढून आलात."

दिवाळी सरली की पेट्या पादऱ्याकडे, बडीशेपेच्या शेतांत.
छत्र्या फुलतात, पिवळ्या,
पण पिवळ्या म्हणाव्यात इतक्याही नाहीत.
अठरा वर्षांत तो रंग मला काढता आला नाही.
मध काढता येतो.

फाल्गुनात टेम्पो रात्री निघतो,
दारांना जाळ्या, वर ओलं गोणपाट,
महीच्या मुखाशी,
जिथे नदीला आपण कुठे संपलो ते आठवत नाही.
तिथे तिवरं फुलतात.
तो मध किंचित खारट लागतो, असं वडोदऱ्यातली गिऱ्हाइकं सांगतात.
मी चाखते. मला नाही लागत.
पण गिऱ्हाइकाला तसं सांगत नाही.

ओहोटीला किनारा मैलभर मागे सरतो.
मी तुटपुंज्या सावलीत कागद भिजवते
त्याच खाऱ्या पाण्यात. निळा वाळताना दाणे धरतो.
वेडे राघू तारेवर बसून
माझं नुकसान एकेक करून गिळतात.
त्यांचा हिरवा मी उचलला आहे. फिटंफाट.

एके वर्षी हौसेने दारं रंगवली:
एक लाल, शेजारचं काळं.
माश्या चुकत राहिल्या, परक्या घरात शिरून मार खाऊन आल्या.
लाल त्यांना काळाच दिसतो, हे जशुभाईला ठाऊक होतं.
"मग सांगितलं का नाही?"
"तमे तो चित्रकार."

आषाढाआधी परत निघालो.
सकाळी मागे राहिलेला पत्रा आणायला मी एकटी गेले.
पेट्यांच्या जागी चार विटा, चेपलेलं गवत.
आणि रात्री बाहेर राहिलेल्या पंधरा-वीस जणी
जमिनीपासून हातभर उंचीवर,
नेमक्या निळ्या दाराएवढ्या जागेत
घिरट्या घालत होत्या.
पायांना पराग. उतरायला काही नाही.

पत्रा तसाच ठेवून मी बसले.
डबी उघडली, निळा काढला,
आणि बराच वेळ
कुठे लावायचा ते कळेना.